शाकारणी कोण करतलो?

सकाळी ६

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. नऊनंतर कातळ तापतो, म्हणून सगळे लवकर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, हजर. मालवण-देवगडच्या हद्दीवरच्या या गावासाठी सभागृह बांधायचं काम माझ्याकडे आहे. पहिली फेरी टिटवीसाठी. चुन्याच्या हौदाकडे जाणाऱ्या वाटेलगत, उघड्या कातळावर तिनं अंडी घातली आहेत. खड्यांत खडे दिसावेत अशी, त्यामुळे पाय पडायला वेळ लागत नाही. मजुरांनी भोवती चार चिरे मांडलेत आणि टेम्पो आता वळसा घालून येतो.

सुटा दगड हातानं उचलायचा नाही, आधी काठीनं उलटायचा. खाली फुरसं असू शकतं. हा नियम माझा नाही, मेस्त्रींचा. नकाशात नसलेल्या बऱ्याच गोष्टी त्यांच्याकडूनच कळतात.

सकाळी ७

भिंती एप्रिलमध्येच उभ्या राहिल्या, आता पडवीचा कट्टा चाललाय. जांभा खाणीतून निघताना ओलसर आणि मऊ असतो, सहज तासता येतो. हवा लागली की त्यातलं लोह घट्ट होत जातं आणि दगड कणखर होतो. तरी सगळा चिरा सारखा नसतो. मेस्त्री प्रत्येक चिऱ्यावर ठोकून आवाज ऐकतात. पांढरट मातीच्या गाठी दिसल्या की तो आतल्या भिंतीला, पश्चिमेला नाही. पाऊस इथे नैर्ऋत्येकडून आडवा येतो. म्हणून त्या अंगाला खिडक्या कमी ठेवल्या आणि पडवी रुंद धरली.

सांध्यात चुना आहे. पर्यावरणाचं कारण सांगायला सोपं जातं: सिमेंटची भट्टी १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, चुन्याला ९०० अंशांच्या आसपास भागतं. पण मला पटलेलं कारण चिऱ्यातच आहे. जांभा सच्छिद्र, पावसाळाभर पाणी पितो आणि दिवाळीनंतर सोडतो. वरून सिमेंटचा कडक गिलावा चढवला की ते पाणी आत कोंडतं आणि मग गिलावा चिऱ्याचा चेहरा सोबत घेऊनच सुटतो. चुना ओल बाहेर जाऊ देतो. मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश पक्का होतो, त्याला घाई चालत नाही. मृगाच्या तोंडावर सुरू केलेलं चुन्याचं काम पहिल्याच पावसात वाहून जाईल. म्हणून कट्टा आज संपवायचाच.

सकाळी ११

मुंबई मंडळाचे दोन काका साइट बघायला आले. वर्गणीचा मोठा वाटा त्यांच्या मंडळाचा, तेव्हा जाब विचारायचा हक्कही त्यांचा. “बाय, एवढो मोकळो सडो पडलो हा, आणि तू आमका खाणीत कित्याक बसवतस?”

मूळ बेत सड्याच्या मधोमध होता. सातबाऱ्यावर ती जमीन पोटखराबा; मे महिन्यात बघितली तर काळा, करपलेला कातळ, दुसरं काही नाही. जुलैत तिथेच बोटभर मातीत सीतेच्या आसवांचा जांभळा थर असतो, डबक्यांच्या काठाला दवबिंदू असतो. या दोन्ही कीटकभक्षी वनस्पती, कारण त्या मातीत नत्र जवळजवळ नाही. किनाऱ्यालगतच्या या सड्यांवर दीपकाडी कोंकनेन्स उगवते. तिचे कंद उन्हाळाभर भेगांतल्या मातीत झोपून असतात, आणि जेसीबीच्या एका फेरीला कळणारही नाही की खाली काय होतं. काही सड्यांवर तर कातळशिल्पंही निघतात. मालवण तालुक्यातलं कुडोपी कोकणातल्या इतर ठिकाणांबरोबर २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं.

फुलांवर काका फारसे विरघळले नाहीत. विहिरीवर मात्र थांबले. सड्याच्या भेगांतून मुरलेलं पाणीच खालच्या वाडीच्या विहिरींना लागतं. वर सपाटीकरण करून पेव्हर बसवले की पाऊस धो धो वाहून ओढ्याला मिळतो आणि मार्चमध्ये टँकर शोधावा लागतो.

म्हणून आम्ही वापरातून गेलेल्या चिरेखाणीच्या काठी आलो. इथली जमीन आधीच कापून झालेली, ट्रकचा रस्ता आधीपासून आहे, पाया खणायला नको कारण खाली पक्का कातळ. तळात बांधायचं असतं तर पावसाळ्यात सभा होडीतून घ्यावी लागली असती. म्हणून इमारत अर्धवट कापलेल्या वरच्या पायरीवर बसवली आणि खड्डा पाण्यासाठी ठेवला.

दुपारी १:३०

कुळथाची पिठी, भात, सुका बांगडा. मग आंब्याखाली तासभर आडवं.

दुपारी ३:३०

छप्पर. वासे पाडलेल्या घरांतले आहेत. कोकणात जुनी माडीची घरं पडताहेत आणि त्यांची सागाची, फणसाची लाकडं जळणाच्या भावात जातात. नवीन झाड तोडण्यापेक्षा ती घ्यावीत. कौलंही जुनीच, मंगलोरी. बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला, तेव्हापासून या किनाऱ्याची घरं लाल झाली. या कौलाचा मला आवडणारा गुण असा की फुटलं तर एकच बदलावं लागतं.

छपराखाली दोनशे चौरस मीटर जागा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटर धरले तर सहा लाख लिटर. पहिल्या सरीचं पाणी सोडून बाकीचं पन्हळीतून खाणीत जाईल. पागोळ्या भिंतीपासून चार फूट लांब पडतात, त्यामुळे जोतं कोरडं राहतं.

खरी डोकेदुखी शौचालयाची आहे. नेहमीचा शोषखड्डा इथे चालणार नाही. ज्या भेगांतून विहिरीला पाणी मिळतं त्याच भेगांतून घाणही जाईल. बंदिस्त टाकी बांधली आणि उपसायच्या गाडीचा खर्च अंदाजपत्रकात धरला. तालुक्याच्या इंजिनिअरनी त्या ओळीवर लाल पेनानं गोल केलाय. शौचालयावर छोटा स्लॅब आहे, लॉरी बेकरच्या पद्धतीचा: स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीट फार काम करत नाही, तिथे फुटकी कौलं भरायची. सिमेंट वाचतं, वजन घटतं.

संध्याकाळी ७:३०

देवळासमोर सभा. चाकरमानी आंब्यांसाठी आलेले, त्यामुळे गर्दी. पहिलाच मुद्दा स्लॅबचा. “स्लॅब घातलो तर वर आणखी एक मजलो चढवूक येतलो.” मी एवढंच विचारलं की कणकवलीपासून येताना किती स्लॅबांवर पत्र्याची शेड दिसली. सगळे हसले, कारण निम्म्यांच्या घरावर आहे. स्लॅब गळतो, मग त्यावर छप्पर घालतात. दोन छपरांचे पैसे जातात.

मागून एक आजी म्हणाल्या, “ता सगळा खरा. पण शाकारणी कोण करतलो?”

दिवसभरात याहून चांगला प्रश्न कुणी विचारला नाही. कौलारू छप्पर दर वर्षी पावसाआधी परतावं लागतं, आणि गावात वर चढणारी माणसं उरली नाहीत. ती सगळी मुंबईत. माझ्या आराखड्याचा सगळ्यात कच्चा दुवा कातळात नाही, इथे आहे. टिकाऊ बांधकामावरच्या भाषणांत चुना आणि बांबू भरपूर असतो, शिडीवर चढणाऱ्याचं नाव नसतं.

तासभर वाद झाला. शेवटी ठरलं: मे महिन्यात चाकरमानी गावात असतातच, तेव्हा शाकारणी वाडीवार पाळीनं, कारागिराची मजुरी मंडळाची, आणि ज्या वाडीनं पाळी चुकवली तिला त्या वर्षी सभागृहाचं भाडं पूर्ण. इतिवृत्तात लिहून सह्या झाल्या. बाहेरचे दिवे खाली तोंड केलेले आणि कार्यक्रम संपला की बंद, हेही मंजूर झालं. डीजेचा विषय पुढच्या सभेवर गेला.

तुमच्या गावातही सभागृहाची वर्गणी निघाली असेल, तर पावती फाडण्याआधी दोन गोष्टी करा. शाकारणी कोण करणार ते विचारा, आणि जुलैत एकदा त्या जागेवर जाऊन या. मे महिन्यात सडा काहीच दाखवत नाही.