‘नुसतं काळंच दिसायलंय’ : नवी दुर्बीण घेतल्यावर पहिले आठ दिवस

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

मागच्या आठवड्यात लातूरच्या एका श्रोत्यांचा व्हॉइस मेसेज आला. मुलगी आठवीत आहे. तिनं हट्ट केला म्हणून दिवाळीत दुर्बीण घेतली. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘५२५ पट’ लिहिलेलं. चार रात्री बापलेक गच्चीवर उभे राहिले. ते म्हणाले, “सर, नुसतं काळंच दिसायलंय. वापस करू का?” आणि मग जरा थांबून, “पोरगी आता वर यायलाच तयार नाही.”

दुर्बीण परत करता येईल हो. पण पोरीचा उत्साह एकदा गेला की परत आणणं अवघड. म्हणून आजचा भाग त्यांच्यासाठी, आणि नांदेड-लातूरकडच्या ज्या ज्या घरात अशी दुर्बीण कपाटावर जाऊन बसलीय त्या सगळ्यांसाठी.

आधी तो ५२५ चा आकडा

या दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा व्यास ७० मिलिमीटर आणि नाभीय अंतर ७०० मिलिमीटर. सोबत २५, १० आणि ४ मिलिमीटरचे आयपीस. किती पट मोठं दिसणार ते काढायला नाभीय अंतराला आयपीसच्या आकड्यानं भागायचं. २५ चा लावला तर २८ पट, १० चा लावला तर ७० पट, ४ चा लावला तर १७५ पट. त्यात तीनपट करणारी बार्लो नळी घातली की झाले ५२५. गणित बरोबर आहे, उपयोग काही नाही.

कारण भिंग जेवढा उजेड गोळा करतं तेवढाच चित्राला मिळतो. साधा हिशोब असा, की व्यासाच्या दुपटीपेक्षा जास्त पट करू नये. म्हणजे इथं १४०. त्यापुढं चित्र मोठं होतं, पण अंधुक आणि पुसट. मोबाईलवरचा फोटो बोटांनी ताणत गेलो तर काय होतं, तसंच.

दुसरी अडचण मोठी आहे. २८ पटीला दुर्बिणीत तीन चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढं आकाश दिसतं. ५२५ ला चंद्राचा जेमतेम पाचवा हिस्सा. त्यात पृथ्वी फिरतेय, त्यामुळं तारा अर्ध्या मिनिटाच्या आत चौकटीतून पळून जातो. मुळात तो सापडणंच मुश्कील. मग काळं दिसणार नाही तर काय? तेव्हा ४ चा आयपीस आणि बार्लो दोन महिने ड्रॉवरमध्ये ठेवा. सुरुवात कायम २५ नं.

अजून एक. पुढच्या झाकणाला कधी कधी मधोमध छोटं झाकण असतं. बरेच जण तेवढंच काढतात. पूर्ण झाकण काढा.

दिवसा करायचं काम

दुर्बिणीच्या पाठीवर जो छोटा फाइंडर असतो, तो आणि मोठी नळी एकाच दिशेला बघत असली पाहिजेत. हे अंधारात जुळवायला गेलात की रात्र वाया गेली समजा. दिवसा गच्चीवरून अर्धा-एक किलोमीटरवरची पाण्याची टाकी किंवा मोबाईलचा टॉवर निवडा. २५ च्या आयपीसमध्ये टॉवरचं टोक मधोमध आणा आणि दुर्बीण घट्ट करा. मग फाइंडरचे स्क्रू थोडे थोडे फिरवून तेच टोक त्याच्याही मध्यावर आणा. दहा मिनिटांचं काम आहे. सगळा फरक यानं पडतो.

एक गोष्ट मात्र कडक नियम म्हणून पाळा. सूर्याकडं दुर्बीण करायची नाही, फाइंडरसुद्धा नाही. डोळा कायमचा जातो. दिवसा लेकरांच्या हाती दुर्बीण एकटी देऊ नका.

पहिली रात्र चंद्राची

कॅलेंडरात शुक्ल पंचमी ते दशमी बघा. या दिवसांत चंद्र संध्याकाळीच आकाशात असतो, म्हणजे क्लास बुडत नाही आणि झोपही मोडत नाही. उजेड-अंधाराच्या सीमेवर बघा. तिथं ऊन तिरपं पडतं, सावल्या लांब होतात आणि विवरं खोल दिसतात. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, सगळं सपाट. संकष्टीला घरचे चंद्राची वाट बघतच असतात, त्यांना दाखवा जरूर, पण ती पहिली रात्र नको. आणि कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ मुंबईची असेल तर चंद्र लातूरला साधारण १५ आणि नांदेडला १८ मिनिटं आधी उगवतो.

गच्ची का शेत?

आपल्याकडं उन्हाळ्यात स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो. त्याच्यावरची गरम हवा थरथरते आणि तिच्यातून चित्रही थरथरतं. त्यापेक्षा मातीचं अंगण किंवा शेताचा बांध बरा. गाव सोडून पंधरा-वीस किलोमीटर गेलात तर मुंबई-पुणेकरांना हेवा वाटेल असा अंधार मिळतो. पावसाळ्यात ढग. उत्तम काळ दिवाळी ते महाशिवरात्र.

मृग बघितलाय का?

मृग आपल्या ओठावर असतो तो जूनमध्ये, पेरणीच्या वेळी. पण तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून ते तारे दिसत नाहीत. ते बघायचे जानेवारीच्या मध्यात, रात्री दहा-साडेदहाला, दक्षिणेकडं तोंड करून बरंच वर. एका रेषेतल्या तीन ताऱ्यांचा बाण सापडला की त्याच्या खाली जरासं सरका. २५ च्या आयपीसमध्ये धुराच्या फुंकरीसारखा ठिपका दिसेल. तो मृगातला तेजोमेघ, साधारण १३०० प्रकाशवर्षांवरचा. तिथं नवे तारे जन्मतायत. रंग मात्र दिसणार नाहीत, राखाडीच दिसेल. फोटोतले रंग कॅमेऱ्यानं बराच वेळ उजेड साठवून मिळवलेले असतात. हे पोरांना आधीच सांगा, म्हणजे हिरमोड होत नाही.

गुरू दिसत असेल तर त्याच्या शेजारचे चार ठिपके रोज वहीत काढायला लावा. रोज जागा बदलतात. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओनं हेच केलं होतं. शनी ७० पटीला मसुराएवढाच दिसतो, पण कडं ओळखू येतं.

पुण्याला जाणं झालं तर १९४४ पासून चालू असलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेची चौकशी करा. जाणत्या माणसाबरोबर एक रात्र काढली की महिनाभराची धडपड वाचते.

तर लातूरकर, दुर्बीण वापस करू नका. फाइंडर तुम्ही दिवसा जुळवून ठेवा. येत्या शुक्ल सप्तमीला संध्याकाळी चंद्र मधोमध आणा, आणि मगच पोरीला हाक मारा. ती डोळा लावेल तेव्हा तुम्ही बाजूला व्हा, काही समजावून सांगू नका. तिनं काय बघितलं ते मात्र आम्हाला नक्की कळवा.