दातांचे आरोग्य आणि बोरिंगचे पाणी

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यातला सूरजागडचा डोंगर लोहखनिजासाठी गाजतो. माडिया आदिवासींसाठी तो ठाकूरदेवाचा डोंगर. या पट्ट्यात मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला पहाटे निघालेल्या माणसाला दुपारपर्यंत पाणी पुरत नाही. अंगातले पाणी घामावाटे गेले की तोंड कोरडे पडते आणि दातांचा राखणदार कमी होतो. हा राखणदार म्हणजे लाळ.

लाळेत सुमारे 99 टक्के पाणी असते, उरलेल्यात कॅल्शियम, फॉस्फेट, बायकार्बोनेट वगैरे. गोड चहा-बिस्किटानंतर तोंडातले जंतू आम्ल तयार करतात. पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की दातावरच्या कठीण कवचातून खनिजे सुटू लागतात. लाळ ते आम्ल मारते आणि सुटलेली काही खनिजे पुन्हा दातावर बसवते. म्हणून दिवसभर थोडे थोडे पाणी पिणे आणि खाल्ल्यावर खळखळून चूळ भरणे मोलाचे आहे. पण सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याला चूळ हा उतारा नाही. सुपारीने गालाच्या आतली त्वचा ताठरत जाते, पुढे तोंडात घासही नीट जात नाही. तंबाखूने कर्करोगाचा धोका वाढतो तो वेगळाच.

आता प्रश्न पाणी कुठले, हा. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त सापडले आहे. ग्रॅनाइट, नाइससारख्या जुन्या खडकांतल्या खनिजांतून ते पाण्यात उतरते. पाणी खडकात जितके जास्त काळ मुरते, तितके ते वाढू शकते. म्हणून उथळ विहिरीपेक्षा खोल बोरिंगची धास्ती जास्त. लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आसपासचे फ्लोराइड दात किडू देत नाही. भारतीय मानकाची कमाल मर्यादा 1.5 मिलिग्रॅम आहे. त्यापुढे, हिरडीखाली कायमचे दात घडत असलेल्या लहान मुलांना खरा धोका: दात उगवतात तेच पांढुरके पट्टे, पिवळे-तपकिरी डाग घेऊन. कितीही घासले तरी ते जात नाहीत, कारण डाग वरून बसलेला नसतो, कवच घडतानाच त्यात उतरलेला असतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने 1901 मध्ये असे दात पाहिले. दोष पाण्यातल्या फ्लोराइडचा, हे 1931 मध्ये कळले. अशा मुलांना ‘दात घासत नाही’ म्हणून रागावणे हा निव्वळ अन्याय आहे.

फ्लोराइडला रंग नाही, वास नाही. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. ते काढण्यासाठी नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने तुरटी आणि चुन्यावर आधारलेली नालगोंडा पद्धत शोधली, पण तिला मापात काम करणारे हात लागतात. त्याआधी तपासणी हवी. जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासण्यासाठी गावोगावी पाच महिलांना प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या बोरिंगचा फ्लोराइडचा आकडा ग्रामसभेत मागा. तो दीडच्या वर निघाला, तर निदान लहान मुलांच्या पिण्याचे पाणी तपासलेल्या विहिरीवरून आणा.