कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारीचे इंजिन सुरू न होणे

कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारीचे इंजिन सुरू न होणे हा पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या वाहनांत नेहमी आढळणारा दोष आहे. या वाहनांत पेट्रोल व हवा यांचे मिश्रण संगणकाच्या नियंत्रणाखालील इंजेक्टरने नव्हे, तर कार्ब्युरेटर या यांत्रिक उपकरणाने तयार होते. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून तयार झालेली फियाट ११०० डिलाइट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेलेली तीच गाडी, तसेच हिंदुस्थान मोटर्सची अँबेसेडर, महिंद्रची पेट्रोल जीप व सुरुवातीची मारुती ८०० ही या प्रकारची परिचित उदाहरणे होत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील पद्मिनी टॅक्सींचा काळ संपला, तरी हौसेने जपलेल्या अशा गाड्या अनेक ठिकाणी आहेत. मात्र त्यांची दुरुस्ती जाणणारे कारागीर कमी होत आहेत.

गाडी सुरू झाली नाही की संशय प्रथम कार्ब्युरेटरवर जातो व त्याचे स्क्रू फिरवले जातात. वस्तुतः काल नीट चाललेल्या गाडीचे हे स्क्रू रात्रीत आपोआप बिघडत नाहीत. ते फिरवल्याने मूळ दोष तसाच राहतो आणि त्यात दुसऱ्याची भर पडते.

== इंजिन सुरू होण्याच्या अटी ==

इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, योग्य क्षणी ठिणगी पडली पाहिजे आणि जळण्याजोगे मिश्रण सिलिंडरमध्ये पोचले पाहिजे. यांपैकी कोणती गोष्ट घडत नाही हे ठरल्यावाचून कोणताही भाग उघडू नये. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. परंतु थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नसल्याने मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवावे लागते. चोक ओढण्याचे प्रयोजन हेच.

सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतच नसेल, तर हेडलाइट लावून पुन्हा सेल्फ मारावा. दिवे विझू लागले तर बॅटरी उतरलेली असते किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचलेला असतो. गरम पाण्याने तो निघतो. दिवे तसेच राहिले तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या जोडणीत शोधावा. १२ व्होल्टच्या चांगल्या बॅटरीचा दाब गाडी उभी असताना सुमारे १२.६ व्होल्ट असतो. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये.

== ठिणगीची तपासणी ==

ठिणगीला गॅरेजच्या भाषेत ‘करंट’ म्हणतात. एक प्लग काढून, त्याला त्याची वायर लावून, प्लगचे धातूचे अंग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवावे व दुसऱ्याला सेल्फ मारण्यास सांगावे. वायर रबरी मुठीच्या पकडीने धरावी, कारण तिच्यात हजारो व्होल्टचा दाब असतो. जवळपास सांडलेले पेट्रोल असू नये. निळसर, चटचट आवाज करणारी ठिणगी दिसली तर दोष बहुधा अन्यत्र आहे.

ठिणगी नसेल तर कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरच्या मध्यभागी येणारी वायर काढून हीच परीक्षा करावी. तेथे ठिणगी आहे, पण प्लगवर नाही, असे आढळल्यास डिस्ट्रिब्युटरचे झाकण तडकलेले असते, रोटर बिघडलेला असतो किंवा प्लगच्या वायरी खराब झालेल्या असतात. मधल्या वायरीतही ठिणगी नसेल तर पॉइंट पाहावेत. पॉइंट म्हणजे उघडझाप करणारे दोन लहान संपर्क. ते काळे पडले तर कॉइलला मिळणारा प्रवाह नीट जुळत व तुटत नाही. बारीक पॉलिश पेपरने ते घासावेत व त्यांतील अंतर गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. अनेक गाड्यांत ते ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते. पॉइंट वारंवार जळत असतील आणि ठिणगी पिवळट व अशक्त असेल, तर कंडेन्सर बदलावा. ही वस्तू स्वस्त, पण गाडी अडवून ठेवण्यात तिचा हात मोठा. वायरी काढताना त्यांवर खुणा कराव्यात: पद्मिनी, अँबेसेडर व जुनी जीप या तिन्ही इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो, आणि दोन वायरींची अदलाबदल झाली तरी नवे संकट उभे राहते.

== पेट्रोलची तपासणी ==

जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या काट्यावर विश्वास ठेवू नये. टाकीत पेट्रोल आहे याची खात्री करावी. मग कॉइलची जोडणी सोडवून, कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी बाटलीत धरून सेल्फ मारावा. पेट्रोल झटक्याझटक्याने आले तर पंप ठीक आहे. न आल्यास पंपाचा पडदा फाटलेला असतो, नळी चिरलेली असते किंवा फिल्टर तुंबलेला असतो. गाडी काही महिने उभी असेल तर कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल उडून चिकट थर राहतो आणि जेट बुजतात. खरोखर कार्ब्युरेटर उघडण्याची वेळ येते ती येथे.

उलट प्रकारही घडतो. पेट्रोलचा उग्र वास येतो, प्लग ओले निघतात. याला ‘गाडी ओव्हर झाली’ असे म्हणतात. अशा वेळी चोक आत ढकलावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि सेल्फ मारावा. तो पुनःपुन्हा दाबू नये. प्रत्येक दाबाबरोबर पेट्रोलची नवी चिळकांडी आत जाते.

== ऋतू व प्रदेश ==

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाहीसारख्या जंगलपट्ट्यात एकच गाडी उन्हाळ्यात एका कारणाने आणि पावसाळ्यात दुसऱ्याच कारणाने अडते. मे महिन्यात येथील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. चालून आलेली गाडी पाच-दहा मिनिटे उभी केली की इंजिनची उष्णता पंप व नळीत साचते, पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफेपुढे हतबल होतो. यास व्हेपर लॉक म्हणतात. बॉनेट उघडून थांबणे, किंवा पंपावर पाण्यात भिजवून पिळलेले फडके ठेवणे, हा उपाय जुन्या चालकांना ठाऊक असे आणि तो शास्त्रशुद्ध आहे. फडक्याचे पाणी डिस्ट्रिब्युटरवर गळू देऊ नये. पावसाळ्यात याच डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात दमट हवेचे पाणी धरते व ठिणगी भलतीकडे वाहून जाते. झाकण काढून आतून-बाहेरून कोरड्या कापडाने पुसले की पुष्कळदा काम भागते. भाताच्या कोठाराजवळ उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, हेही पाहावे.

सिंदेवाही वनपरिक्षेत्र ब्रह्मपुरी वनविभागात येते व या भागात वाघांचा वावर आहे. तिन्हीसांजेनंतर जंगलरस्त्यावर गाडी बंद पडल्यास खाली उतरून वरील तपासण्या करू नयेत. काचा लावून आत बसावे व मदत मागवावी.

== धोके ==

कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून सेल्फ मारण्याची पद्धत बरीच रूढ आहे व तितकीच घातक आहे. इंजिनने उलट भडका मारल्यास हातातील बाटली पेट घेते. हँडलने इंजिन फिरवताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. हँडल उलटे फिरल्यास वेगळा धरलेला अंगठा मोडू शकतो. धक्का मारून गाडी सुरू करायची असल्यास किल्ली चालू करून दुसऱ्या गियरवर क्लच सोडावा. हा उपाय उतरलेल्या बॅटरीवर आहे, ठिणगीच्या दोषावर नाही.

२०२५ पर्यंत देशात २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा पुरवठा सर्वत्र होऊ लागला. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबरास हानी पोचवते. म्हणून अशा गाड्यांच्या पंपाचा पडदा व रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारच्या बसवणे आणि गाडी दीर्घकाळ उभी ठेवण्यापूर्वी कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करणे योग्य ठरते.