बोलिव्हियाचं सूप, आपला म्हाद्या

मेसला सुट्टी, खिशात खडखडाट आणि गावाकडून आलेला डबा कालच संपलेला. अशा वेळी रूमवर काय उरतं? शेंगदाण्याचा कूट, कांदा-लसूण मसाला आणि लसणाच्या चार पाकळ्या. बास झालं की! लसूण तेलात परतायचा, मसाला टाकायचा, मग कूट, पाणी, मीठ. रटरटून दाट झाला की म्हाद्या तयार. सातारा-सांगलीकडच्या पोरांना ही रेसिपी वेगळी सांगावी लागत नाही.

पण हा शेंगदाणा मूळचा कुठला, ठाऊक आहे? थेट दक्षिण अमेरिकेचा! भुईमुगाचे रानटी पूर्वज दक्षिण बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या पट्ट्यातले. बटाट्याचं माहेर टिटिकाका तलावाच्या आसपासचं, मिरचीही त्याच खंडातली. युरोपियनांच्या जहाजांतून ही मंडळी इकडे आली नसती, तर आपला वडापाव, ठेचा आणि म्हाद्या तिन्ही बाद!

तिकडचा पाटा-वरवंटा

बोलिव्हियात घरोघरी ‘सोपा दे मानी’ करतात. मानी म्हणजे शेंगदाणा. आपण दाणे भाजून कूट करतो, ते कच्चे दाणे वाटून सूपमध्ये शिजवतात. त्यात मटण किंवा बीफ, भाज्या, बटाटा आणि वरून तळलेल्या बटाट्याच्या काड्या. तोंडी लावायला ‘याहवा’, म्हणजे टोमॅटो आणि लोकोतो नावाच्या झणझणीत मिरचीची चटणी. ती वाटतात सपाट दगडावर, दुसरा जड दगड डोलवत. आपल्या पाट्या-वरवंट्याचा चुलतभाऊच!

आपल्याकडे उन्हाळ्यात वाळवणं असतात, तसा त्यांच्याकडे ‘चुन्यो’. डोंगरपठारावर रात्रीच्या थंडीत बटाटे गोठवायचे, पायांनी तुडवून पाणी काढायचं आणि उन्हात वाळवायचे. हा बटाटा वर्षानुवर्षं टिकतो.

चकाचक हॉटेलात घरचं जेवण

आता गंमत ऐका. धंदा जमेना म्हणून मॅकडोनल्ड्सने 2002 मध्ये बोलिव्हियातून गाशा गुंडाळला. पुढे 2013 मध्ये ला पाझ शहरात ‘गुस्तू’ नावाचं महागडं रेस्टॉरंट सुरू झालं. ते काढणारा क्लाउस मेयर डेन्मार्कचा, जगप्रसिद्ध ‘नोमा’च्या संस्थापकांपैकी एक. पण गुस्तूचा नियम एकच : ताटात येणारा जिन्नस बोलिव्हियातलाच हवा. गरीब घरांतल्या पोरापोरींना तिथे स्वयंपाकाचं आणि वाढपाचं शिक्षण मिळालं. वर्षानुवर्षं तिथलं किचन सांभाळणारी बोलिव्हियाची मार्सिया ताहा 2024 मध्ये लॅटिन अमेरिकेतली सर्वोत्तम महिला शेफ ठरली.

आणि आपण? पाहुणे आले की म्हाद्याचं पातेलं झाकून ठेवतो आणि पनीर मागवतो. हायवेवरच्या हॉटेलांची मेन्यूकार्डं बघा. पनीरचे दहा प्रकार सापडतील, म्हाद्या शोधून दाखवा! हॉटेल मॅनेजमेंटला गेलेल्या मित्राला फ्रेंच सॉसची नावं पाठ असतात, पण आजीच्या म्हाद्याचं माप तो सांगू शकेल? ते माप कुठे लिहिलेलंच नाही. ते आजीच्या मुठीत आहे, आणि आजी कायमची पुरणार नाही.

म्हणून या सुट्टीत एक काम करा. घरी गेलात की आजीच्या, आईच्या शेजारी उभे राहा. तिने कूट मुठीने टाकला की आधी तो वाटीने मोजून घ्या. ‘अंदाजानं घालायचं’ असं ती म्हणेलच, तरीही लिहून काढा. उद्या तुमच्यापैकी कुणी कराडात किंवा मिरजेत हॉटेल काढलंच, तर मेन्यूकार्डाची पहिली ओळ तयार असेल.

रूमवर करून पाहा : सूप, बोलिव्हियन स्टाईल

वाटीभर कच्चे दाणे गरम पाण्यात भिजवून सोला आणि मिक्सरला बारीक वाटा. कांदा, लसूण, गाजर तेलात परता. त्यात वाटण आणि पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजवा. मध्येमध्ये ढवळा, नाहीतर खाली लागेल आणि उतू जाईल. कच्चट वास गेला पाहिजे. शेवटी बटाट्याच्या फोडी टाकून शिजवा, मीठ घाला. वरून बटाट्याचे वेफर्स चुरून टाका. सोबत याहवा नसला तरी हरकत नाही. घरचा खर्डा आहेच!