म्हसवडच्या रेडिओची गोष्ट : ऐकणारी बाईच बोलणारी झाली



आमच्या वस्तीवर एकदा शेळ्यांना लस टोचायला पथक आलं होतं. सूचना आधीच आली होती, पण ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि गावातल्या पुरुषांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. शेळ्या राखणाऱ्या आम्ही बाया त्या दिवशी माळावर. संध्याकाळी परत आलो तर कळलं, पथक येऊन गेलंसुद्धा. पुढच्या पंधरा दिवसांत दोन घरच्या शेळ्या दगावल्या. एकीचा तर गटाचा हप्ताच त्या शेळीवर ठरलेला होता.

माहिती गावात आली होती. पण ज्यांच्या कामाची होती, त्यांच्या कानापर्यंत काही आली नाही. हे फक्त आमच्याच वस्तीचं दुखणं नाही. म्हणून या अंकात आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या एका रेडिओ केंद्राची माहिती घेऊ. ते कसं सुरू झालं, कसं चालतं, त्यावर काय लागतं, आणि आपल्या गटाला त्यातून काय घेता येईल, ते बघू.

आधी काय होतं?

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतीचा कार्यक्रम आपल्यातल्या थोरल्या बायांना आठवत असेल. अंगणात टीव्ही ठेवायचा आणि अख्खी आळी बघायला बसायची. त्याच्याही आधी, १९६३ साली सांगलीचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं. शेतीचा सल्ला, बाजारभाव, गाणी, कीर्तन, हे सगळं सांगलीवरून आपल्या घरात आलं. साताऱ्यातही आकाशवाणीचं एफएम केंद्र आहे. या केंद्रांनी आपल्याला पुष्कळ दिलं, ते विसरायचं नाही.

पण मोठ्या केंद्राला मोठा मुलूख सांभाळायचा असतो. कृष्णाकाठचा ऊस आणि माणदेशातली ज्वारी, दोघांनाही एकाच कार्यक्रमात बसवावं लागतं. अमक्या वस्तीवर उद्या सकाळी लस टोचणार आहेत, हे मुंबईचा टीव्ही सांगणार नाही, आणि सांगलीच्या केंद्रालाही प्रत्येक वस्तीचं सांगणं जमणार नाही. ते काम जवळच्या केंद्राचं.

मग जवळचं टीव्ही केंद्रच का काढू नये, असं कुणी विचारेल. अँटेनावर दिसणारा टीव्ही चालवायचा अधिकार आपल्या देशात दूरदर्शनलाच आहे. बाकीचे चॅनेल डिश नाहीतर केबलमधून येतात, आणि त्याचा खर्च आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचा. शिवाय टीव्ही बघायला हातातलं काम टाकून बसावं लागतं. रेडिओ भाकरी थापता थापता ऐकता येतो, गोठ्यात ऐकता येतो, खुरपताना बांधावर ठेवून ऐकता येतो.

हवा कुणाची?

बरीच वर्षं रेडिओ फक्त सरकारचाच होता. १९९५ साली क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याच्या निकालात न्यायालयानं सांगितलं की, ज्या लहरींवरून आवाज आणि चित्र जातं त्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. गावचं गायरान जसं एकट्या-दुकट्याचं नसतं, तसंच हे.

त्यानंतर सरकारनं आधी शिक्षणसंस्थांना छोटी केंद्रं काढायची परवानगी दिली. २००४ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात असं पहिलं केंद्र सुरू झालं. मग २००६ च्या धोरणात लोकांमध्ये काम करणाऱ्या, नफा न कमावणाऱ्या संस्थांनाही परवानगी मिळू लागली. अशा केंद्राला सामुदायिक रेडिओ म्हणतात. म्हणजे त्या भागातल्या लोकांचा, लोकांसाठी चाललेला रेडिओ.

म्हसवडला रेडिओ कसा आला?

माण तालुका म्हणजे दुष्काळी पट्टा. पाऊस कमी, माणूस कष्टाळू. इथं चेतना गाला सिन्हा आणि त्यांच्यासोबतच्या बायकांनी १९९७ साली म्हसवडमध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. त्या बँकेची सुरुवात आपल्या गटातल्या प्रत्येकीनं ऐकावी अशी आहे. पहिल्यांदा परवाना मागितला तेव्हा रिझर्व्ह बँकेनं तो नाकारला, कारण अर्जावर अंगठे होते. बायका घरी बसल्या नाहीत. अक्षरं गिरवायला लागल्या, आणि पुन्हा साहेबांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. आम्हाला लिहिता-वाचता येत नसेल, पण व्याजाचा हिशेब तोंडी करतो, तुमच्या माणसांना तो यंत्राशिवाय करायला सांगा, असं त्यांनी सुनावलं. परवाना मिळाला.

त्याच माणदेशी परिवारानं २००८ साली म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हा सामुदायिक रेडिओ सुरू केला. एफएमवर त्याचा आकडा ९०.४. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातही जत तालुक्यातल्या जालिहाळला येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीनं ‘येरळावाणी’ नावाचा सामुदायिक रेडिओ चालवला आहे. जतच्या पूर्व भागात घरोघरी कन्नड बोललं जातं. तिथल्या बाईला पुण्या-मुंबईची मराठी किती परकी वाटत असेल, याचा विचार केला की जवळच्या केंद्राचं मोल कळतं.

केंद्र चालतं कसं?

एक खोली असते. आवाज घुमू नये म्हणून तिच्या भिंतींना जाड आच्छादन लावलेलं असतं. आत माईक, संगणक आणि आवाज जुळवायचं यंत्र. बाहेर एक मनोरा. खोलीतला आवाज प्रक्षेपकातून मनोऱ्यावर जातो आणि तिथून हवेत.

या केंद्रांना ताकद मोजकीच दिलेली असते, साधारण १०० वॅट. आपल्या घरातला जुना पिवळा बल्ब असायचा ना, तेवढी. आकाशवाणीचे मोठे मनोरे हजारो वॅटचे असतात. म्हणून छोट्या केंद्राचा आवाज साधारण १० किलोमीटरच्या आसपास नीट पोचतो. एफएमचा आवाज सरळ रेषेत जातो, त्यामुळं डोंगर आडवा आला की अडतो आणि मोकळ्या माळावर जरा लांब जातो.

आवाज लांब जात नाही म्हणूनच एकच आकडा दोन केंद्रांना देता येतो. तेलंगणात झहीराबादजवळ माचनूर गावी ‘संघम रेडिओ’ आहे. त्याचाही आकडा ९०.४ च. दोन गावांत एकाच आडनावाची घरं असावीत तसं, एकमेकांच्या मधे येत नाहीत.

काय लागतं आणि काय लागत नाही?

अशा केंद्रांवर आरोग्य, शेती, जनावरांची निगा, मुलींचं शिक्षण, बँकेचे व्यवहार, सरकारी योजना, जात्यावरच्या ओव्या, गावातल्या कलाकारांची गाणी असं सगळं लागतं. निम्मे तरी कार्यक्रम तिथल्याच लोकांनी, तिथंच केलेले असावे लागतात, असा नियम आहे. कार्यक्रम ठरवायला स्थानिक लोकांची समिती असते. २०२४ च्या नियमांनुसार त्या समितीत निम्म्या तरी बाया हव्यात. हे ध्यानात ठेवा, बरं का. ही जागा आपल्या हक्काची आहे.

राजकीय प्रचार करता येत नाही. बातम्याही स्वतःच्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. पण हवामान, पाणी कधी सुटणार, लस कधी टोचणार, यात्रेच्या दिवशी रस्ता कुठून वळवलाय, वीज कधी जाणार, अशा सूचना मात्र देता येतात. आमच्या शेळ्यांना नेमकं हेच हवं होतं.

बोलायचं कुणी?

केंद्र उभं राहिलं तरी मोठी अडचण पुढं असते. बाया म्हणतात, “आम्हाला कुठं बोलता येतंय? आमची भाषा शुद्ध नाही.”

चेतनाताईंनी आपल्या एका जाहीर भाषणात केराबाईंची गोष्ट सांगितली आहे. केराबाईंना रेडिओवर बोलायचं होतं. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण मला गाता येतं, मग त्यात काय एवढं अवघड, असं त्यांचं म्हणणं. त्या माईकपुढं बसल्या, लोकांना आवडल्या, आणि पुढं दुसऱ्या रेडिओंचीही त्यांना बोलावणी आली, अगदी मुंबईहूनसुद्धा.

वर सांगितलेला संघम रेडिओ तर दलित शेतकरी बायकाच चालवतात. १५ ऑक्टोबर २००८ ला तो सुरू झाला. तो सांभाळणाऱ्या दोघींचंही नाव नरसम्मा. बी-बियाणं कसं जपायचं, बाजरी-ज्वारीसारखी भरड धान्यं कशी पिकवायची, हे त्या आपल्याच बोलीत सांगतात. आणि आपल्याला शिकण्यासारखी गोष्ट पुढं आहे. परवाना मिळायला त्यांना बरीच वर्षं लागली. तोवर त्या थांबल्या नाहीत. कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या आणि गावोगावच्या संघमच्या बैठकीत टेप लावून ऐकवायच्या. रेडिओ नव्हता, पण कार्यक्रम चालू होता.

पैसा कुठून येतो?

वीजबिल, यंत्रांची दुरुस्ती, काम करणाऱ्यांचं मानधन, खर्च रोजचाच आहे. सरकारी जाहिराती, स्थानिक दुकानदारांच्या जाहिराती आणि संस्थांची मदत यांवर केंद्र चालतं. आधी तासाला फक्त ५ मिनिटं जाहिराती घेता यायच्या, मग ७ झाली. २०२४ साली ती मर्यादा १२ मिनिटांवर नेली, आणि १० सेकंदांच्या जाहिरातीचा किमान दर ५२ वरून ७४ रुपये केला. तरीही खेड्यात तेवढ्या जाहिराती मिळणं सोपं नाही. मदत आटली की केंद्र अडचणीत येतं. जे केंद्र आपलं वाटतं, ते टिकवायची थोडी जबाबदारीही आपलीच. आपल्या गटाच्या मसाल्याची, पापडाची, शेवयांची जाहिरात तिथं द्यायला काय हरकत आहे?

आपल्या गटानं काय करावं?

ज्यांच्या गावात केंद्राचा आवाज येतो, त्यांनी पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्यावा. आपल्याला कोणती माहिती वेळेवर मिळत नाही, याची यादी करा. ठराव लिहा आणि दोघी-तिघींनी मिळून केंद्रावर जाऊन या. कार्यक्रम आमच्याकडून घ्या, असं सरळ म्हणा.

ज्यांच्याकडं आवाज येत नाही, त्यांनी माचनूरच्या बायकांसारखं करावं. आता टेपही लागत नाही, फोन पुरतो. कसं करायचं ते सांगते :

१. एका वेळी एकच विषय घ्या. पाच मिनिटांपेक्षा लांबवू नका.

२. पंखा, मिक्सर, टीव्ही बंद करा. भांड्यांचा आवाज फोनला आपल्यापेक्षा मोठा ऐकू जातो.

३. फोन तोंडापासून वीतभर लांब धरा. वाऱ्याकडं तोंड करू नका.

४. जिला प्रश्न विचारायचे तिची परवानगी आधी घ्या. तिचा खाते क्रमांक, आधार क्रमांक, घरातली भांडणं, यातलं काही रेकॉर्डमध्ये येऊ देऊ नका.

५. तारीख, वेळ आणि ठिकाण दोनदा सांगा. एकदा सुरुवातीला, एकदा शेवटी. औषधाची किंवा योजनेची माहिती असेल तर त्या कामाच्या माणसाकडून आधी तपासून घ्या.

६. भाषा आपलीच ठेवा. आपण चुलीपुढं बोलतो तशी.

मग ते रेकॉर्डिंग गटाच्या बैठकीत लावा. जिच्याकडं साधा फोन आहे, जिला वाचता येत नाही, तिलाही ते कळतं. आमच्या गटानं आता तेवढं सुरू केलं आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन एकजण तारीख विचारून येते, दुसरी फोनवर बोलून ठेवते आणि सगळ्या बायांना ऐकवते. मागच्या खेपेला पथक आलं तेव्हा माळावर एकही शेळी नव्हती. सगळ्या दावणीला बांधून बाया वाट बघत बसल्या होत्या.

तुमच्या गटानं असं काही रेकॉर्डिंग केलं, किंवा कुणी रेडिओवर बोलून आली, तर फेडरेशनच्या कार्यालयात कळवा. पुढच्या अंकात ती हकीकत छापू. लिहून पाठवता येत नसेल तर बोलून पाठवा. आम्ही उतरवून घेऊ.