भरलं घमेलं, रिकामं घमेलं

स्लॅब टाकायच्या दिवशी बांधकामावर थोडा वेळ उभं राहून पाहावं. खाली मिक्सर फिरत असतो आणि तिथून वरच्या मजल्यापर्यंत माणसांची रांग लागलेली असते. भरलेलं घमेलं हातोहात वर जातं, ओतलं जातं आणि रिकामं खाली येतं. नवख्याची नजर मालावर असते, मुकादमाची रिकाम्या घमेल्यांवर. ती वेळेत खाली आली नाहीत, तर समोर मालाचा ढीग असूनही काम थांबतं.

आपल्या प्रत्येक पेशीत असं एक घमेलं आहे. त्याचं पूर्ण नाव निकोटिनमाइड ॲडेनिन डायन्यूक्लिओटाइड, पण सगळे त्याला ‘एनएडी’ म्हणतात. हे सहविकर आहे. विकरं, म्हणजे एन्झाइम, काम करताना जो छोटा रेणू हाताशी घेतात, त्यातलाच हा एक. गेल्या काही वर्षांत एनएडी वाढवणाऱ्या गोळ्या म्हातारपण लांबवण्याच्या नावाखाली विकल्या जात आहेत. त्यावर पैसे घालण्याआधी हे घमेलं काय वाहतं आणि कुठे खर्ची पडतं, ते नीट पाहायला हवं.

ते वाहतं इलेक्ट्रॉन. भाकरीतल्या पिठाचं पोटात ग्लुकोज होतं, आणि ते पेशीत पोचतं. पेशी ते एकदम जाळत नाही. तसं केलं तर सगळी ऊर्जा नुसती उष्णता होऊन निघून जाईल. ती ग्लुकोज पायरीपायरीने मोडते. त्यातल्या काही पायऱ्यांवर दोन इलेक्ट्रॉन आणि त्यांच्यासोबत हायड्रोजनचं एक केंद्रक सुटं होतं. एनएडी ते उचलून घेतं. भरलेल्या घमेल्याचं नाव एनएडीएच. ग्लुकोजच्या एका रेणूमागे अशी दहा घमेली भरतात. दोन बाहेरच्या पेशीद्रवात आणि आठ तंतुकणिकांच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या, आत.

ओतण्याची जागा म्हणजे तंतुकणिकेचं आतलं पटल. तिथे इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे उतरत जातात आणि शेवटी आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनला मिळून त्यांचं पाणी होतं. आपण श्वास घेतो तो मुख्यतः यासाठी. या उतरणीत जी ऊर्जा सुटते, तिच्यावर प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात आणि धरणाच्या पाण्यासारखे तिथे तुंबतात. परत येताना ते एका फिरत्या प्रथिनातून येतात. ते प्रथिन खरोखरच गरगर फिरतं, आणि त्या फिरण्यातून एटीपी तयार होतं. एटीपी ही पेशीची रोजच्या खर्चाची सुट्टी नाणी. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिशेल यांनी 1961 मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा बहुतेकांना ती पटली नव्हती. 1978 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एका भरल्या घमेल्यामागे साधारण अडीच एटीपी निघतात. ग्लुकोजच्या एका रेणूतून जे 30 ते 32 एटीपी मिळतात, त्यातले जवळपास 25 या दहा घमेल्यांचे.

आता एसटी पकडायला जीव खाऊन धावणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. स्नायूंना एकाएकी इतकी ऊर्जा हवी असते की तंतुकणिकांमध्ये ओतण्याचं काम मागे पडतं. भरलेली घमेली साठतात, रिकामी मिळेनाशी होतात, आणि पेशीद्रवातलं ग्लुकोज मोडणंही अडायला लागतं. मग स्नायू एक तोड काढतो. ग्लुकोजपासून झालेल्या पायरुवेटवरच तो घमेली ओतून टाकतो. पायरुवेटचं लॅक्टेट होतं आणि रिकामं एनएडी पुन्हा कामाला लागतं. मला या सगळ्या रसायनशास्त्रात ही जागा सर्वात सुंदर वाटते.

हे घमेलं सापडलं मात्र यीस्टमध्ये. 1906 च्या सुमारास लंडनमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी यीस्टचा रस अतिशय बारीक गाळणीतून दाबाखाली गाळला. गाळणीवर राहिलेला भाग साखर आंबवेना, खाली उतरलेला भागही आंबवेना. दोन्ही एकत्र केले की आंबवणं पुन्हा सुरू. खाली उतरलेला भाग उकळला तरी त्याचा गुण जात नव्हता. म्हणजे तो प्रथिनासारखा नाजूक नव्हता, कुठलातरी छोटा रेणू होता. त्यातच एनएडी होतं. पुढे हान्स फॉन ऑयलर-केल्पिन यांनी ते शुद्ध करण्याचं काम केलं, आणि 1929 चं नोबेल त्यांना व हार्डनना विभागून मिळालं. 1930 च्या दशकात ओटो वारबुर्ग यांनी दाखवलं, की भार उचलतो तो या रेणूचा निकोटिनमाइड हा भाग. भरलेलं घमेलं 340 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषतं, रिकामं शोषत नाही. तुमच्या गल्लीतली पॅथॉलॉजी लॅब ‘एसजीपीटी’चा आकडा काढते, तोही बहुधा याच फरकावरून.

आपल्या शरीरात हे निकोटिनमाइड येतं ब-3 जीवनसत्त्वातून, म्हणजे नायसिनमधून. थोडं ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून घरच्या घरी तयार होतं. 60 मिलिग्रॅममागे एक मिलिग्रॅम, इतकं महागात. ब-3 कमी पडलं की पेलाग्रा होतो: उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब, आणि शेवटी बुद्धिभ्रम. मक्यावर जगणाऱ्या गरिबांत तो अमेरिकेच्या दक्षिण भागात पसरला होता. 1937 मध्ये कॉनराड एल्वेहेम यांनी कुत्र्यांमधला असाच रोग निकोटिनिक आम्लाने, म्हणजे नायसिननेच, बरा केला. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्यांतही पेलाग्रा दिसला. हैदराबादला सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. ज्वारीत ल्युसीन हे अमिनो आम्ल जास्त असतं, त्याचा संबंध असावा, असं त्यांनी मांडलं; ते सगळ्यांनी मान्य केलं नाही. पण दोष भाकरीचा नाही, नुसत्या भाकरीवर दिवस काढावे लागण्याचा आहे. तिच्यासोबत शेंगदाण्याची चटणी असली तरी बराच फरक पडतो, कारण 100 ग्रॅम शेंगदाण्यात साधारण 12 मिलिग्रॅम नायसिन असतं, जवळपास दिवसभराच्या गरजेइतकं.

इथवर घमेलं फक्त भरत आणि रिकामं होत होतं, फुटत नव्हतं. वयाचा प्रश्न फुटण्यातून येतो. डीएनएला इजा झाली की पार्प नावाची विकरं दुरुस्तीसाठी धावतात, आणि एनएडी मोडून त्याचा एक तुकडा इजेच्या जागी खूण म्हणून लावतात. सर्टुइन ही विकरं जनुकांची उघडझाप सांभाळतात; तीही प्रत्येक वेळी एक एनएडी मोडतात. रोगप्रतिकारक पेशींवर सीडी 38 नावाचं आणखी एक विकर असतं. शरीरात बारीक दाह धुमसत राहिला की ते वाढतं आणि एनएडी फस्त करतं. उतारवयात इजाही जास्त आणि दाहही जास्त. मोडलेल्या एनएडीतून निकोटिनमाइड सुटतं, आणि पेशी त्यापासून पुन्हा घमेलं घडवते. आपलं बहुतेक एनएडी असं जुन्यातूनच तयार होतं. या घडणीतली कळीची पायरी म्हणजे नॅम्प्ट हे विकर, आणि स्नायूंमधलं नॅम्प्ट वयाबरोबर कमी होताना दिसतं. खर्च वाढतो, घडण मंदावते.

गोळ्यांमध्ये असतात एनएमएन आणि एनआर, म्हणजे घमेल्याचा अर्धवट घडवलेला पत्रा. त्या घेतल्यावर माणसांच्या रक्तातलं एनएडी वाढतं, हे चाचण्यांत दिसलं आहे. 2021 मध्ये छापलेल्या एका अमेरिकी चाचणीत, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या पाळी थांबलेल्या स्त्रियांनी दहा आठवडे रोज 250 मिलिग्रॅम एनएमएन घेतलं. त्यांचे स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागले. वजन आणि रक्तदाब होते तिथेच राहिले. उंदरांमध्ये जे ठळक परिणाम दिसले, तसे माणसांत दिसलेले नाहीत, आणि माणसाचं आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही. दुसरी बाजूही विसरू नये. कर्करोगाच्या पेशींनाही एनएडी भरपूर लागतं, म्हणूनच नॅम्प्टला अडवणारी रसायनं कर्करोगावरची औषधं म्हणून तपासली गेली. ज्यांना कर्करोग होऊन गेला आहे, त्यांनी या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

नॅम्प्ट वाढवणारी एक गोष्ट मात्र दुकानात मिळत नाही. वयस्कर माणसांनी काही आठवडे सायकल चालवली किंवा वजनं उचलली, की त्यांच्या स्नायूंत ते वाढलेलं आढळतं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2022 मध्ये वृद्धांच्या स्नायूंचे नमुने तपासले. तरुणांपेक्षा त्यांच्यात एनएडी कमी होतं, पण जे वृद्ध नियमित व्यायाम करत होते त्यांच्यात ते इतर वृद्धांपेक्षा जास्त होतं, आणि दिवसभरात जितकी पावलं जास्त, तितकं एनएडी जास्त.