इस्रायल आळीतील दहावा माणूस

युरोपचा प्रवास करून आलेल्या मराठी माणसाच्या प्रवासवर्णनात प्रागमधील जुन्या ज्यू वस्तीवर दोन-चार पाने हमखास असतात. तेराव्या शतकातले प्रार्थनामंदिर, एकमेकांना टेकलेल्या शिळांनी भरलेली दफनभूमी आणि पिंकास प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर लिहिलेली, नाझींनी मारलेल्या सुमारे ७८ हजार माणसांची नावे. वर्गात युद्धोत्तर युरोपच्या अर्थव्यवस्थेविषयी बोलताना मी या भिंतींचा उल्लेख केला, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, असे लोक आपल्याकडे कधी नव्हतेच का?" उत्तर मला ठाऊक होते; पण ते पुस्तकातले होते. म्हणून सुटीत पुण्याला गाडी बदलून मी अलिबाग गाठले.

अलिबागेत इस्रायल आळी नावाची एक आळी आहे. या गावाचे नावही अली नावाच्या एका बेने इस्रायल गृहस्थाच्या बागांवरून पडले, अशी लोककथा आहे. आळीत 'मागेन अबोथ' हे प्रार्थनामंदिर उभे आहे. त्याची स्थापना १८४८ सालची. आजची इमारत १९१० सालची. आत शिरल्यावर परकेपणा असा जाणवतच नाही. पश्चिमेला, म्हणजे जेरुसलेमच्या दिशेला, धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवण्याचे पवित्र कपाट, मध्यभागी पठणाचा उंचवटा. परंतु देखभाल करणारे वृद्ध गृहस्थ माझ्याशी बोलत होते ते अस्सल अष्टागरी वळणाच्या मराठीत. "या प्राध्यापकसाहेब, चहा घेऊनच जा," हे आमंत्रणही आपल्याकडचेच.

या समाजाची परंपरा सांगते की, फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्यापाशी एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पोथ्या समुद्राने नेल्या. स्मरणात उरले ते 'शेमा' या प्रार्थनेचे शब्द, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवारचा विसावा. तेलाचा घाणा हा त्यांचा व्यवसाय झाला आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे, १८९० साली. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला येथे थांबावेसेच वाटते. ज्याचे पोट रोजच्या घाण्यावर होते अशा कोकणातल्या तेल्याने सातातला एक दिवस कमाईवर पाणी सोडले, आणि तेही पिढ्यान्‌पिढ्या, ही लहान गोष्ट नव्हे.

ही माणसे गावाचीच झाली. दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर ही आडनावेच ते सांगतात. मुंबईचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे त्यांच्यातलेच. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी ते उभारले, असे सांगतात. हा समाज आपली धर्मकथा कीर्तनातून ऐके, आणि एलियाहू हनाबीच्या नावाने पोहे, गूळ व नारळाचा मलिदा करी. पुण्यात १८७४ साली त्यांचा वल्हांडणाचा विधिग्रंथ हिब्रू आणि मराठीत छापला गेला. मुंबईच्या महापौरपदी १९३७ साली निवडले गेलेले डॉ. ई. मोझेस, स्त्रीवैद्यकात नाव मिळवणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड, कवी निसिम इझिकेल हे सारे याच समाजाचे.

मग ही आळी ओस का पडली? प्रागचे उत्तर येथे लागू नाही. येथे कोणी कोणाला हाकलले नाही. तेलाच्या गिरण्या आणि रॉकेल आल्यावर घाण्याचे अर्थकारण मोडले. मुलगे पलटणीत, रेल्वेत, टपाल खात्यात, कचेऱ्यांत गेले. आळी मुंबई-पुण्याकडे सरकली. १९४८ साली इस्रायल राष्ट्र जन्माला आले आणि त्यानंतर कुटुंबेच्या कुटुंबे निघाली. तेथेही सारे सोपे नव्हते. त्यांच्या ज्यूपणाबद्दल तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी शंका घेतली. आंदोलने झाली, तेव्हा १९६४ साली तेथील संसदेने ते पूर्ण ज्यूच आहेत असे जाहीर केले. त्याच देशात त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले, ही गोष्ट मराठीच्या भवितव्याची चिंता वाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

आपल्या भूमीवर ज्यूंचा छळ कधी झाला नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. कोकणातल्या बेने इस्रायलांपुरते ते खरेच आहे. परंतु त्या अभिमानाला दोन तळटीपा जोडणे प्रामाणिकपणाचे ठरेल. पहिली अशी की, आपण त्यांना सामावून घेतले ते एक जात म्हणून. आपली उतरंड त्यांच्यातही झिरपली. 'गोरे' आणि 'काळे' असे भेद तेथेही पडले. दुसरी तळटीप थेट आमच्या नगरची आहे.

अलिबागच्या दक्षिणेस चौल-रेवदंडा आहे. हे बंदर एकेकाळी नगरच्या निजामशाहीचे. बुऱ्हाण निजामशहाच्याच संमतीने पोर्तुगीजांनी तेथे पाय रोवले. त्या बुऱ्हाणशहाकडे एक पोर्तुगीज वैद्य येत असे. गार्सिया द ओर्ता त्याचे नाव. पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हीद या गावचा हा पुत्र. त्याचे आईबाप १४९२ साली स्पेनमधून हद्दपार झालेले ज्यू, ज्यांना १४९७ साली पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. त्या गावातील ज्यू आळी आजही प्रवासी पाहायला जातात. ओर्ता १५३४ साली गोव्यात आला. १५६३ साली तेथेच छापलेल्या, भारतीय वनौषधींवरील आपल्या ग्रंथात तो निजामशहाचा उल्लेख मित्र म्हणून करतो. १५६८ साली तो वारला. पुढल्याच वर्षी गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याच्या बहिणीला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळले. आणि १५८० साली खुद्द ओर्ताची हाडे उकरून जाळली. ज्या माणसाला नगरचा सुलतान मित्र मानीत होता, त्याच्या हाडांनाही गोव्याच्या मातीत विसावा मिळाला नाही. नगरमध्ये त्याच्या नावाची साधी पाटी माझ्या पाहण्यात नाही. १९३९ साली हिटलरच्या छळातून निसटून भारतात आलेल्या काही ज्यूंना 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून इंग्रजांनी याच शहरातल्या छावणीत डांबले होते, हेही आपण विसरलो आहोत.

विसरणे हा गुन्हा नव्हे. पण त्यालाच सहिष्णुता म्हणण्याची चूक आपण करू नये. शेजाऱ्याला त्रास न देणे ही सहिष्णुतेची पहिली पायरी. शेजारी काय मानतो, काय गातो, का निघून गेला, हे विचारणे ही दुसरी, आणि तिथवर आपण क्वचितच पोहोचतो. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, हे योग्यच झाले. परंतु दर्जा हा राहिलेल्यांसाठी असतो. गेलेल्यांच्या खुणा जपण्याचे काम शासननिर्णयाने होत नाही. ते आपल्यासारख्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना करता येण्याजोगे आहे. कोकणातल्या दफनभूमींतील शिळांवर हिब्रूच्या जोडीला मराठी अक्षरे आहेत. दरसाल पावसात ती झिजतात. महाविद्यालयांच्या इतिहास आणि मराठी विभागांनी दोन सुट्या खर्ची घालून त्यांची नक्कल करून घेतली, जुन्या घरांतली कीर्तनाची बाडे नोंदवली, तर फारसा खर्च येणार नाही.

निघताना त्या वृद्ध गृहस्थांनी एक गोष्ट सांगितली. सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. "पूर्वी आळीतल्या चार घरांत दहा मिळत. आता सणाला मुंबईची माणसे आली तर प्रार्थना होते. एरवी नऊ असले तरी दहाव्याची वाट बघत बसायचे." मी त्यांच्या धर्माचा नव्हे, तेव्हा त्या मोजणीत मला स्थान नाही, हे त्यांना आणि मलाही ठाऊक होते. तरीही ते म्हणाले, "पुन्हा या, आणि पोरांना घेऊन या." आठवणीच्या मोजणीत मात्र दहाव्याची जागा आपल्यासाठी मोकळी आहे. परतल्यावर मी त्या विद्यार्थिनीला पहिले काम दिले ते अलिबागला जाणाऱ्या एस. टी.चे वेळापत्रक काढण्याचे.